उभं राहायची जागा
(छायाचित्रातील रचनेविषयी दिलेल्या स्मृतिव्याख्यानाचा लिखित पाठ)



छायाचित्रणाच्या कार्यशाळेत पहिल्याच दिवशी एक प्रश्न हमखास येतो. "सर, माणूस फ्रेममध्ये नेमका कुठे ठेवायचा?" विचारणारा मनापासून विचारतो, वहीही उघडून बसलेला असतो. पण या प्रश्नाच्या आधीचा एक प्रश्न त्यानं ओलांडलेला असतो. माणूस फ्रेममध्ये कुठे दिसणार, हे बरंचसं आपण कुठे उभे आहोत यावर आधीच ठरून गेलेलं असतं. आजचं माझं सगळं बोलणं या एका गोष्टीभोवती आहे.

चित्रकाराला झाड नको असेल तर तो ते काढत नाही. छायाचित्रकारासमोर झाड असतंच. ते नको असेल तर त्यालाच हलावं लागतं. दोन पावलं डावीकडे सरकावं, गुडघ्यावर बसावं, समोरच्या घराच्या गच्चीवर जायची परवानगी मागावी, नाहीतर ऊन फिरल्यावर संध्याकाळी परत यावं. पुस्तकांत 'रचना' या प्रकरणाखाली रेषा, आकार, तोल, पोत अशी मोठी यादी असते. ती खरीच आहे. पण यातली जवळजवळ प्रत्येक गोष्ट हातात येते ती पायांनी.

ज्यांच्या स्मृतीसाठी आपण जमलो आहोत, त्यांनी आयुष्यभर या तालुक्यातली लग्नं, पासपोर्ट फोटो आणि शाळांचे ग्रुप फोटो काढले. ग्रुप फोटोला कलेच्या गप्पांमध्ये कोणी जागा देत नाही. मला वाटतं, द्यायला हवी. पन्नास मुलं, एक बाक, चार खुर्च्या आणि उतरतं ऊन. कोणाचा चेहरा पुढच्याच्या डोक्यामागे जाऊ नये, मागच्या रांगेचे डोळे सावलीत बुडू नयेत, टोकाचा मुलगा कापला जाऊ नये. यासाठी ते मैदानात किती वेळ पुढेमागे होत, हे इथल्या अनेकांनी पाहिलं आहे. त्या चालण्यात रचनेचा अख्खा पाठ होता.

आता त्या प्रसिद्ध नियमाकडे येतो. फ्रेमचे उभे-आडवे तीन-तीन भाग करा आणि मुख्य वस्तू त्या रेषांवर किंवा त्यांच्या छेदबिंदूंवर ठेवा, हा तृतीयांशाचा नियम. आज प्रत्येक मोबाइलमध्ये त्याची जाळी असते. गंमत अशी, की हा नियम कॅमेऱ्याहून जुना आहे. जॉन थॉमस स्मिथ या इंग्लिश चित्रकारानं 1797 मध्ये ग्रामीण निसर्गचित्रांवरच्या पुस्तकात तो मांडला. जमीन आणि आकाश, उजेड आणि अंधार यांची वाटणी अर्धी-अर्धी करण्यापेक्षा एकास दोन केली तर चित्र डोळ्याला बरं वाटतं, असं त्याचं म्हणणं. छायाचित्रणाच्या शोधाची जाहीर घोषणा झाली ती पुढे 1839 मध्ये.

नवशिक्याला या नियमाचा उपयोग होतो, कारण आपला हात आपोआप वस्तू मधोमध आणतो. जाळी ती सवय मोडते. माणूस जरा बाजूला सरकला की उरलेल्या जागेत दुसरं काहीतरी यायला वाव मिळतो, आणि तो ज्या दिशेला पाहतोय तिकडे नजर जायला जागा राहते. याहून अधिक भार या नियमावर टाकू नये. गाभाऱ्याच्या दारातून समोर मूर्ती दिसत असेल, दोन्ही बाजूंना सारखे खांब असतील, तर मधोमध उभं राहणं हाच तिथला न्याय आहे. तिथे जाळीसाठी मूर्ती बाजूला ढकलणाऱ्याला समोरची वास्तू दिसलेलीच नसते.

आणि जाळी एक गोष्ट कधीच करू शकत नाही. ती माणूस आणि त्याच्या मागची वस्तू यांचं परस्परांशी असलेलं प्रमाण बदलू शकत नाही. यावर मी जरा जास्त वेळ घेणार आहे, कारण पुष्कळ वर्षं कॅमेरा वापरणाऱ्यांच्याही मनात इथे गोंधळ असतो.

जेजुरीचा गड डोळ्यांसमोर आणा. वाटेवर दीपमाळा आहेत, कमानी आहेत. समजा, तुमच्यापासून दोन मीटरवर भंडाऱ्यानं माखलेला एक माणूस उभा आहे आणि त्याच्या मागे अठरा मीटरवर दीपमाळ आहे. म्हणजे माणूस तुमच्यापासून दोन मीटर, दीपमाळ वीस मीटर. अंतराचं प्रमाण एकास दहा. दीपमाळ माणसाच्या मानानं बारीकशी दिसेल. आता तुम्ही चार मीटर मागे या. माणूस सहा मीटरवर गेला, दीपमाळ चोवीसवर. प्रमाण एकास चार झालं. मग झूम करून माणूस पूर्वीएवढाच मोठा करा. दीपमाळ त्याच्या मागे अडीच पट मोठी होऊन उभी राहील. माणूस तोच, दीपमाळ तीच. बदललं ते फक्त तुमचं अंतर.

झूम लेन्स मागची वस्तू 'ओढून' आणते, असं आपण म्हणतो. लेन्स ओढत नाही. ती जे आहे त्याचा कमी-जास्त भाग कापून घेते. ओढण्याचं काम तुमच्या मागे सरकलेल्या पावलांनी आधीच केलेलं असतं. एकाच जागी उभं राहून झूम आत-बाहेर करत राहिलात तर फ्रेममध्ये मावणारा भाग बदलेल, वस्तूंचं आपसातलं नातं तेच राहील. म्हणून मी विद्यार्थ्यांना आधी जागा ठरवायला सांगतो. कोण मोठं दिसायला हवं, मागचं किती मोठं हवं, कोणी कोणाला झाकायचं, हे डोळ्यांनी बघून ठरवा. लेन्सचा आकडा त्यानंतर.

मोबाइलवर काढलेल्या चेहऱ्यात नाक मोठं आणि कान मागे गेलेले का दिसतात, याचंही उत्तर इथेच आहे. मोबाइलची मुख्य लेन्स साधारण 24 ते 28 मिलिमीटरच्या हिशोबाची, म्हणजे बरीच रुंद. चेहरा भरून यावा म्हणून आपण हातभर अंतरावर जातो, आणि एवढ्या जवळून नाक आणि कान यांच्या अंतरातला फरक मोठा ठरतो. आपल्या आईचा फोटो काढताना दोन-तीन पावलं मागे जा आणि मग दुप्पट झूम करा. तिचा चेहरा तुम्हाला ओळखीचा दिसेल.

उंचीचंही तसंच. कोकणात समुद्रावर काढलेल्या फोटोंमध्ये क्षितिजाची रेषा कितीदा तरी माणसाच्या मानेतून आरपार गेलेली असते. रेषा खाली हवी तर खाली बसावं लागतं. कॅमेरा कमरेच्या उंचीवर आला की क्षितिजही कमरेशी येतं आणि डोकं मोकळ्या आकाशात राहतं. लहान मुलांचे फोटो आपण उभ्यानं काढतो आणि त्यांचे नुसते केस मिळवतो. तिथे तर बसायलाच हवं.

जागेवरून नाती कशी ठरतात, याचं मला सर्वांत आवडणारं उदाहरण होमाई व्यारावाला यांचं आहे. नवसारीला 1913 मध्ये जन्मलेल्या, मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकलेल्या होमाईबाई या भारतातल्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार. पंडित नेहरूंची त्यांनी असंख्य छायाचित्रं काढली. त्यातल्या एकात नेहरू विमानतळावर उभे आहेत आणि वर पाटी आहे, 'छायाचित्रणास सक्त मनाई'. नेहरू एकटे असते तर ती त्यांची आणखी एक प्रतिमा झाली असती. पाटी एकटी असती तर कोणी पाहिलीही नसती. दोन्ही एका चौकटीत आणणारी जागा आणि क्षण होमाईबाईंनी टिपला आणि त्या दोघांमध्ये एक संभाषण सुरू झालं. ज्या काळात हातातले कॅमेरे जड होते आणि प्रत्येक प्लेट मोजून वापरायची होती, त्या काळातली ही नजर आहे. नवशिक्यांना मी सांगतो, की विषय एकच शोधू नका. दोन गोष्टी शोधा आणि त्यांच्यामध्ये काही घडतंय का, ते बघा.

चौकटीच्या कडांबद्दल थोडक्यात सांगतो. डोळा आधी चेहऱ्याकडे जातो, उजळ ठिपक्याकडे जातो आणि लिहिलेल्या अक्षरांकडे हटकून जातो. आपल्या गावांत अक्षरांची काय कमतरता! वाढदिवसाच्या शुभेच्छांचा फ्लेक्स फ्रेमच्या कोपऱ्यात आला की समोरच्या म्हातारबाबांच्या चेहऱ्यावरच्या सुरकुत्यांकडे कोणी बघत नाही. बटण दाबण्याआधी चारही कडांवरून एकदा नजर फिरवा. मनगटात कापलेला हात, कोपऱ्यात शिरलेली दुचाकी, डोक्यातून उगवलेला विजेचा खांब हे सगळं तेव्हाच दिसतं. आणि यातलं बहुतेक सगळं अर्ध्या पावलानं सुटतं.

मोकळ्या जागेला मात्र घाबरू नका. चित्रकार प्रभाकर बरवे यांनी आपल्या मराठी पुस्तकाचं नाव 'कोरा कॅनव्हास' ठेवलं, ते उगाच नाही. रिकामा अवकाश चित्रात काम करत असतो. पावसाळी आकाशाचा सलग करडा पट्टा फ्रेमचा तीन चतुर्थांश भाग व्यापून बसला, तर खालून सायकलवर जाणारा पोस्टमन किती एकटा आहे ते कळतं.

आता क्षणाविषयी. छायाचित्रकार हेन्री कार्तिए-ब्रेसाँचं नाव घेतलं की 'निर्णायक क्षण' हे शब्द मागोमाग येतात. त्याचं 1952 चं पुस्तक इंग्रजीत त्या नावानं निघालं आणि तेव्हापासून छायाचित्रण म्हणजे चपळाई, अशी एक समजूत रुजली. पण या माणसानं तरुणपणी आंद्रे ल्होत या चित्रकाराकडे रीतसर चित्रकलेचे धडे घेतले होते. फ्रान्समधल्या इएर गावात 1932 मध्ये त्यानं काढलेलं छायाचित्र नीट बघा. तो जिन्याच्या वरच्या टोकाला आहे. लोखंडी कठडा वळत वळत खाली उतरतो, पायऱ्या वळतात, खालचा रस्ताही वळणानं निघून जातो. आणि वर डाव्या बाजूला एक सायकलस्वार, वेगामुळे किंचित पुसट. सायकल क्षणात निघून गेली असणार. पण ती वळणं त्या क्षणात तयार झालेली नाहीत. ती जिन्याच्या त्याच ठिकाणाहून तशी दिसतात आणि सायकल यायच्या आधीही तशीच दिसत होती. क्षणाला आपण टाळ्या देतो. त्या क्षणाला उतरायला जागा कोणी करून ठेवली, हे विसरतो.

रघु राय यांचं मुंबईच्या चर्चगेट स्टेशनवरचं 1995 सालचं छायाचित्र आपल्यातल्या पुष्कळांनी पाहिलं असेल. काही माणसं बसून वर्तमानपत्र वाचताहेत आणि त्यांच्या आजूबाजूनं गर्दी धुरासारखी वाहते आहे. शटर संथ ठेवलं की हलणारं पुसट होतं आणि स्थिर ते स्पष्ट राहतं, हे तंत्र कोणालाही दहा मिनिटांत शिकवता येईल. अवघड आहे ते दुसरंच. मुंबईच्या गर्दीत स्थिर काय आहे, हे आधी दिसायला हवं. वर्तमानपत्रात बुडालेला माणूस हा त्या स्टेशनवरचा एकमेव स्थिर पदार्थ आहे, असं ज्याला दिसलं त्याची रचना बटण दाबण्याआधीच झालेली होती.

यापुढचं उदाहरण मला जड जातं, तरी ते टाळता येत नाही. अमेरिकेतल्या महामंदीच्या काळात, मार्च 1936 मध्ये, डोरोथिया लँग ही सरकारी कामावरची छायाचित्रकार कॅलिफोर्नियातल्या निपोमो इथे वाटाणे तोडणाऱ्या मजुरांच्या तळावर थांबली. एका तंबूत बत्तीस वर्षांची एक आई आणि तिची मुलं होती. लँगनं तिथे मोजकीच छायाचित्रं काढली आणि ती एकापुढे एक ठेवली की रचना कशी घडते ते डोळ्यांसमोर उलगडतं. लांबून काढलेल्यात तंबू आहे, सामान आहे, मुलं आहेत. सगळं आहे, त्यामुळे नजर कुठेच ठरत नाही. मग ती जवळ येते. सामान गळतं. तंबूचं नुसतं कापड उरतं आणि तेही ओळखू न येणाऱ्या मळकट पार्श्वभूमीसारखं. शेवटी उभी चौकट, मधे आईचा चेहरा, हनुवटीशी गेलेला हात, मांडीवर तान्हं मूल, आणि दोन्ही खांद्यांवर दोन मुलं, पाठमोरी. मुलांचे चेहरे दिसत नाहीत, म्हणून फ्रेममध्ये विचारात बुडालेला चेहरा एकच राहतो. तोल, त्रिकोणी आकार, पार्श्वभूमीची निवड या सगळ्या संज्ञा इथे लागू पडतात. पण मुळात घडलं ते एवढंच, की एक बाई पावलापावलानं दुसऱ्या बाईच्या जवळ गेली.

त्या चित्राच्या खालच्या उजव्या कोपऱ्यात तंबूचा खांब धरलेल्या हाताचा अंगठा होता. तो लँगला खुपला आणि नंतर मूळ निगेटिव्हवरच तो पुसट करून घेतला गेला. त्या कामावर देखरेख करणाऱ्यांना हा बदल पटला नव्हता. माझं मत विचाराल तर तो अंगठा राहायला हवा होता. कडा स्वच्छ करण्याची सवय पुढे जाऊन समोर असलेलं पुसण्यापर्यंत पोचली, तर छायाचित्राचं खरेपण त्यात खर्ची पडतं.

आणि त्या आईचं काय? तिचं नाव फ्लॉरेन्स थॉम्पसन. चित्र जगभर गेलं, तिचं नाव मात्र 1970 च्या दशकाच्या अखेरीपर्यंत कोणाला माहीत नव्हतं. ते उघड झालं तेव्हा तिनं त्या छायाचित्राबद्दल नाराजीच व्यक्त केली. त्यातून तिला काहीही मिळालं नव्हतं. रचनेचा इतका देखणा नमुना समोर असताना मी हे सांगतो, कारण जवळ जाणं ही नुसती दृश्याची बाब नाही. किती जवळ जायचं, कोणाला विचारून, जाताना काय बोलायचं, परत कधी भेटायचं, हेही त्याच पावलांत येतं. रस्त्यावर बसलेल्या माणसाचा फोटो उभ्यानं, वरून काढला की तो लहान दिसतो, आणि ते लहानपण काढणाऱ्यानं त्याला दिलेलं असतं.

याच्या उलट टोकाचं एक काम आपल्या मुंबईच्या माणसानं केलं आहे. जालियनवाला बागेतल्या हत्याकांडानंतर नारायण विनायक विरकर अमृतसरला गेले आणि त्यांनी तिथल्या भिंतींवरच्या गोळ्यांच्या खुणांची छायाचित्रं काढली. अशा ठिकाणी सौंदर्याचा विचार मनात आणणंही अवघड. पण रचना तिथेही लागतेच. नुसत्या भिंतीवरची छिद्रं पोतासारखी दिसतील. शेजारी माणूस असला तरच गोळी कोणत्या उंचीवरून गेली असेल ते बघणाऱ्याच्या अंगावर येतं. चित्रातल्या वस्तूंचं प्रमाण तिथे साक्ष देतं.

आषाढी वारी जवळ आली की कॅमेरेवाल्यांची पावलं दिवे घाटाकडे वळतात. ज्ञानेश्वर माउलींची पालखी पुण्याहून सासवडला याच घाटातून चढते. उंच कड्यावरून दिसणारी घाटाची नागमोडी वळणं, त्यांत भरलेली माणसं, भगव्या पताका. हे दृश्य भव्य आहे आणि एकदा तरी पाहावंच. पण वर्षानुवर्षं शेकडो कॅमेरे त्याच कड्यावर दाटी करतात आणि तेच चित्र परत घेऊन येतात. तिथून वारकरी ठिपका दिसतो. जो कडा उतरून वारीत चालतो, त्याला रचनेचे अगदी वेगळे प्रश्न पडतात. डोक्यावर तुळशीवृंदावन घेतलेली माउली चालताना तिच्या मागे काय येतंय? पांढऱ्या टोप्यांच्या गर्दीत एक चेहरा वेगळा कसा काढायचा? टाळ वर गेल्यावर आकाशासमोर दिसेल की ट्रकच्या रंगीत पाठीसमोर? दिंडीच्या वेगानं उलटं चालत फोटो काढायचा, तर पाय कुठे पडताहेत? या प्रश्नांना जाळीत उत्तर नाही. दिंडीबरोबर दोन मुक्काम केलेत तर उत्तरं सापडायला लागतात. लोकही तोपर्यंत तुम्हाला ओळखू लागलेले असतात.

शिकणाऱ्यांसाठी काही कामाचं सांगतो. एक लेन्स घ्या, किंवा मोबाइल असेल तर झूमला हात लावू नका. एसटी स्टँडचा एक कोपरा निवडा आणि तासभर तिथेच राहा. पहिली वीस मिनिटं कंटाळा येईल. मग फलाटाच्या छपराची सावली, बाकावर येऊन-जाऊन बसणारी माणसं, गाडी आली की उसळणारी हालचाल यांचा मेळ दिसायला लागेल. काढलेले फोटो त्याच दिवशी डिलीट करू नका. ज्या क्रमानं काढले त्याच क्रमानं दुसऱ्या दिवशी बघा. आपण कधी जवळ गेलो, कधी घाबरून मागे आलो, चांगला फोटो नेमका कोणत्या पावलानंतर आला, हे त्या क्रमात लिहिलेलं असतं. पसंतीचा फोटो उलटा धरून बघण्याची चित्रकारांची जुनी युक्तीही करून पाहा. चेहरे आणि अक्षरं वाचता आली नाहीत की फिकट-गडद भागांचं वजन कुठे कलतंय ते लगेच दिसतं.

क्रॉप करावं की नाही, हे मला नेहमी विचारलं जातं. कार्तिए-ब्रेसाँ त्याच्या विरोधात होता, असं सांगतात. पण त्याचं सर्वांत गाजलेलं चित्र, सेंट-लझार स्टेशनमागच्या साचलेल्या पाण्यावरून उडी मारणाऱ्या माणसाचं, त्यानं स्वतः कापलेलं आहे. कुंपणाच्या फटीतून ते टिपलं होतं आणि फळीचा भाग फ्रेममध्ये आला होता. त्याला तिथे दुसरी जागाच नव्हती. तेव्हा कापण्यात पाप नाही. फक्त शिकायच्या काळात, पहिलं वर्षभर, कापू नका असं मी म्हणेन. संगणकावर कापलेल्या फोटोत तुम्ही कुठे उभं राहायला हवं होतं हे झाकलं जातं, आणि पुढच्या वेळी तुम्ही पुन्हा तिथेच उभे राहता.

सभागृहाबाहेरच्या व्हरांड्यात इथल्या विद्यार्थ्यांची छायाचित्रं लावली आहेत. येतानाच मी ती पाहिली. त्यातल्या बाजारच्या दिवशीच्या एका फोटोत मिरच्यांच्या ढिगाआडून विक्रेतीचे फक्त डोळे दिसतात. तो काढणाऱ्या मुलीला जमिनीला जवळजवळ टेकावं लागलं असणार. ती इथेच कुठेतरी बसलेली आहे. चहा घेताना तिला गाठा आणि ती तिथवर कशी पोचली, त्या बाई तिला काय म्हणाल्या, ते विचारा. मलाही ऐकायचं आहे.